एका राउटरची नावं

कपाटाच्या खालच्या खणातून बोलतो आहे, मित्रांनो. मी एक जुना राउटर. दोन अँटेना, चार हिरवे दिवे आणि पाठीवर छापलेलं जन्मनाव: ८०२.११एन. हे नाव कोणी लाडाने ठेवलं नव्हतं. ते एका समितीने ठरवलं होतं.

कारखान्यातून मी तीन खोल्यांच्या एका घरात आलो. घरातली मुलगी दुभाषी आहे. डॉक्टरांचं बोलणं ती लॅपटॉपवरून कर्णबधिर रुग्णांना खुणांच्या भाषेत सांगते. चित्र अडकलं की तिचे हात हवेतच थांबतात आणि वाक्य अर्धवट राहतं. दोनदा तर कॉलच अर्धवट सोडावा लागला. तिसऱ्यांदा तसं झालं तर दुसरी दुभाषी पाहू, असं दवाखान्याने कळवलं.

मी घरभर दोन वाटांनी सिग्नल पाठवत असे. एका वाटेवर आसपासच्या वीस घरांच्या राउटरांची गर्दी. दुसरी बरीच मोकळी. लॅपटॉपवरच्या यादीत पहिलीचं नाव ‘घर’, दुसरीचं ‘घर-५जी’. हा ‘५जी’ माझ्या लहरींच्या मापाचा, म्हणजे पाच गिगाहर्ट्झचा. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण मुलीचे बाबा निवृत्त रेकॉर्डकीपर. जन्मभर फाइलवर लिहिलं असेल तेच आत असणार, या विश्वासावर नोकरी केलेली.

“त्या ५जीला हात लावायचा नाही,” त्यांनी बजावलं. “ते मोबाइलवाल्यांचं आहे. आपण घेतलेलं नाही.”

“घेतलं नाही तर घरात आलं कसं?” आईने विचारलं.

“म्हणूनच म्हणतो, लांब राहा.”

मग बाबा दुकानात गेले. माझा फोटो पाहून दुकानदार म्हणाला, “काका, हा तर वाय-फाय चार! आता सात चालू आहे.” मी एन होतो, तो मला न विचारता चार झालो होतो. पाचाचं जन्मनाव एसी, सहाचं एएक्स. शिवाय एक सहा-ई आहे; तो सहाच, पण त्याला तिसरी वाटही असते. बाबा दमले आणि सहा घेऊन आले.

मी खणात गेलो. नव्यालाही बसवणाऱ्याने तीच दोन नावं दिली आणि बाबांनी तीच बंदी घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एका रुग्णाला गोळ्या समजावत होते. दिवसातून एकच घ्यायची. ते सांगता सांगता चित्र गोठलं. गोठण्याआधी रुग्णाने दोन बोटं वर केली होती.

“बाबा, मी ५जीवर जातेय!”

“अगं, ते आपलं नाही!”

“आपल्याच डब्यातून येतंय ते!”

तिने ते नाव निवडलं. काही क्षणांत चित्र हललं. तिने मान हलवून एकच बोट दाखवलं. रुग्णाने आपलं दुसरं बोट मिटलं. कॉल शेवटपर्यंत नीट झाला आणि काम तिच्याकडेच राहिलं.

बाबांनी नव्या डब्याकडे बोट केलं, मग माझ्या खणाकडे.

“म्हणजे जुनाही हे देत होता?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग तसं सरळ लिहायला काय झालं होतं त्यांना?”

मित्रांनो, एवढीच विनंती आहे: एखादं नाव कळलं नाही तर त्याला भिऊ नका, घरात ज्याला कळतं त्याला विचारा. आणि आमच्यासारख्याला खणात टाकण्याआधी एकदा पुरतं वापरून पाहा. मी बिघडलेलो नाही. माझा फक्त प्लग काढला आहे.