चारही लॉक बंद

सोमवारी सकाळी बंदरातल्या क्रेननं माझ्या ट्रेलरवर जो कंटेनर ठेवला, त्यात माझं घर होतं. दाराच्या फटीतून परसातल्या शेवग्याची फांदी बाहेर आली होती. सील शाबूत होतं. सील तोडणं ड्रायव्हरचं काम नाही, म्हणून मी निघालो.

आमचं काम साधं. बंदरातून भरलेला डबा घ्यायचा, गोदामात पोचवायचा, रिकामा परत आणायचा. वाटेत डबा हलू नये म्हणून ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांना लॉक असतात. गोदामात क्रेन लागण्याआधी ते उघडायचे. विसरलात, तर डब्याबरोबर गाडीही वर जाते. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो.

"अहो, हळू! बरण्या पडतायत," आतून माझी बायको यमुना ओरडली.

"तू आत कशी?"

"मी घरातच आहे. कुकर लावलाय."

आरशात पाहिलं. मागचा रस्ता माझ्या चाकांपर्यंत गुंडाळला गेला होता.

गोदामात आमचं अख्खं गाव डब्यावर डबा रचून ठेवलेलं होतं. शेजारच्या हसुरामचा डबा मी अंगणावरून ओळखला. थोडं अंगण बाहेर लोंबत होतं. हाक मारली. उत्तर नाही. थाप मारली, तर आवाज भरीव आला.

"डबा जमिनीला टेकला की आतलं सगळं माल होतं," सुपरवायझर म्हणाला. "दुखत नाही. लॉक उघडा, काका."

"आत कुकर लावलाय."

"सगळ्यांनीच लावला होता."

गोदामाच्या भिंती सरकत जवळ आल्या. गाडीभोवती माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा उरली. मी आडवा होऊन फिरलो, चारही लॉक तपासले आणि होते त्याहून घट्ट केले. मग केबिनमध्ये बसलो आणि हात बाहेर काढून खूण केली.

क्रेनवर बाळाराम होता.

"लॉक बघितले का, उस्ताद?"

"तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग उचल."

तो चारही कोपऱ्यांकडे बघत राहिला. मग हसला आणि दांडा ओढला.

"खाली घे! गाडी येतेय वर!" सुपरवायझर किंचाळला.

चाकं सुटली. पत्र्याचं छप्पर जवळ येऊ लागलं. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. माझ्या मागे यमुनाच्या कुकरची शिट्टी झाली. मग खाली, हसुरामच्या डब्यात, दुसरी.