डावी मोटर आणि दोन उपकारकर्ते

शिंपी आणि त्याचा मेहुणा, म्हणजे दातांचा डॉक्टर, यांनी मिळून केलेल्या रिमोटवरच्या छोट्या विमानाला मोटरी दोन होत्या आणि डोकीही दोन. मोटरींचं आपसात बरं जमत होतं.

मागच्या वेळी लाल तारेवरून जुंपली. दोन्ही मोटरींचा वेग सांभाळणारे कंट्रोलर रिमोटचे इशारे झेलणाऱ्या एकाच रिसीव्हरला वीज द्यायला लागले की गोंधळ करतात, म्हणून एकाची लाल तार काढून ठेवायची. डावीकडची की उजवीकडची? खरं तर कुठलीही चालते. पण तेवढ्यावरून अबोला धरला तो महिनाभर. शेवटी शिंप्याच्या बायकोनं निकाल दिला, "यापुढे एकानं दुसऱ्याची चूक काढली, की विमान त्याच दिवशी भंगारात. देवासमोर सांगतेय."

विमान म्हणजे दोघांचा जीव की प्राण. तेव्हापासून दोघं साखरेसारखे गोड.

उडवायच्या आदल्या संध्याकाळी मोटरी फिरवून पाहिल्या. डावी उलटी फिरत होती. दोघांनी ते पाहिलं आणि दोघंही "वा, छान" म्हणाले. मग बॅटरी काढून चार्जिंगला लावली.

मोटरीच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलट दिशेनं फिरते. पहाटे शिंप्यानं गुपचूप दोन तारा बदलल्या आणि वर नेहमीसारखा दोरा गुंडाळला. सकाळी डॉक्टरनं विमान गाडीत ठेवलं. शिंपी चपला शोधतोय तोवर त्यानंही दोन तारा बदलल्या, दोरा पुन्हा गुंडाळला. झाकून केलेला उपकार देवाला पावतो म्हणतात. मोटरीला पावत नाही.

मैदानावर रिमोटची दांडी सरकवताच उजव्या मोटरीनं विमान पुढे ओढलं, डावीनं मागे रेटलं, आणि ते जागच्या जागी गरगरायला लागलं.

"स्वतःचं शेपूट धरायला निघालंय वाटतं," सोबत आलेली शिंप्याची बायको म्हणाली.

विमान थांबवून दोघं एकदमच वाकले. दोघांचे हात त्याच तारांवर.

"दाजी, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तुला तरी कशाला?"

"तुम्ही... काही केलंत का?"

"पहाटे. थोडंसं. तारा बदलल्या."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "मीपण. गाडीत."

"म्हणजे काल उलटी फिरत होती, ते दोघांनाही दिसलं होतं?" बायकोनं विचारलं.

दोघांनी माना डोलावल्या.

"मग दातखीळ बसली होती? आणि तू रे, दातांचा डॉक्टर ना?"

"ताई, तूच तर म्हणालीस, चूक काढली की भंगारात."

तिनं हसू पदराआड दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबेना. "भांडा बाबांनो. मी माझा शब्द मागे घेते, देव समजून घेईल. पण तोंडानं भांडा, तारांनी नको. आणि आता हात एकानंच लावा."

शिंप्यानं तारा बदलल्या. विमान गवतावरून धावलं आणि अलगद वर गेलं.

"दाजी, उजवी मोटर जरा मागे पडतेय."

"तुझा चष्मा मागे पडतोय. नीट बघ."

"चष्म्याला काही बोलू नका. तुमची टीपच वाकडी."

बायकोनं सतरंजी पसरली आणि ऐकत बसली.