रविवारी सकाळी रस्ता बंद

मी एक जुना बॅरिकेड आहे, मित्रांनो. लगेच तोंड वाकडं करू नका. रस्त्यात आडवा दिसलो की माणसं तोंड वाकडं करतातच, त्याची मला सवय आहे. पण आज जरा थांबा. तसंही लोकांना थांबवायचं हेच माझं काम.

एका वेल्डरच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यानं पाइप कापले, जोडले, खाली पाय दिले. पेंटरनं अंगावर लाल-पांढरे पट्टे ओढले आणि मधे लिहिलं, 'रस्ता बंद'. वेल्डर लांबून बघत म्हणाला, "झकास झालाय. पोटभर शिव्या खाईल." खोटं नाही बोलला बिचारा.

पुढे कितीतरी वर्षं मी महापालिकेची चाकरी केली. पाण्याची लाइन फुटली, चला. केबल टाकायची, चला. उन्हातान्हात मी उभा, आणि येणारा-जाणारा विचारणार, "हे मधे कुणी आणून ठेवलंय?" एकदा एक स्कूटरवाला घसरत आला तो थेट माझ्या अंगावर. माझ्या मागे माणूसभर खोल खड्डा होता. मुकादमानं माझ्या पाठीवर थाप मारली, "याच्यामुळे वाचला." आयुष्यातली ती एवढीच शाबासकी. स्कूटरवाल्यानं मात्र उठल्या उठल्या मला लाथ घातली.

मग प्लॅस्टिकचे बॅरिकेड आले. हलके, दिसायला छान. माझी रवानगी ऑफिसच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. वॉचमनची बायको माझ्यावर चादरी वाळत घालायची. अंगाला गंज चढला. भंगारवाला येऊन एकदा नजर टाकूनही गेला.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले.

या माणसानं जन्मभर शहराची बस चालवली. आता रिटायर. घर मोठ्या रस्त्याला लागून, आणि बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांच्या मेहुणीचं घर. काकांच्या बायकोला सगळे ताई म्हणतात. पूर्वी या दोघी बहिणींचं दिवसभर इकडून तिकडे चालायचं. मग रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. त्यातच ताई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. सिग्नल काही त्यांच्यासाठी थांबेना. त्या मधोमध पोचेपर्यंत हॉर्न सुरू. एकदा अशाच कापत कापत माघारी आल्या, त्यानंतर जिना उतरल्याच नाहीत. धाकटी बहीणही त्या गाड्यांना घाबरून पलीकडून येईना. दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहायच्या आणि एकमेकींकडे बघत फोनवर बोलायच्या.

काका ऑफिसात साहेबांना म्हणाले, "साहेब, रविवारी सकाळी हा रस्ता गाड्यांना बंद करा. माणसं चालतील, पोरं खेळतील. आमचं माणूस दोन वर्षं घराबाहेर पडलं नाही हो."

साहेब म्हणाले, "नवीन बॅरिकेड मिळणार नाहीत. मागे जुने पडलेत ते न्या. दोन रविवार बघू. रस्ता ओस पडला, तर तिसरा रविवार नाही."

असा मी पुन्हा कामाला लागलो. माझी जागा आली नेमकी टेलरमास्तरांच्या दुकानासमोर. मास्तर तापले, ऑफिसात तक्रारही करून आले.

"काका, जन्मभर गाडी हाकलीत, आता दुसऱ्यांच्या गाड्या अडवताय होय? रविवारीच माझं गिऱ्हाईक येतं."

"मास्तर, गिऱ्हाईकाला पाय असतात."

"असतात की. त्याशिवाय पँट शिवतो का मी? पण ते पाय गाडीवर बसून येतात!"

पहिल्या रविवारी काय झालं सांगू? काहीच नाही. रस्ता लख्ख रिकामा, आणि माणसं आपली फुटपाथच्या कडेनं अंग चोरून चालतायत! पोरं बॅट घेऊन फुटपाथवरच उभी. एका बाईनं त्या रिकाम्या रस्त्यावर उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि पळत रस्ता ओलांडला.

ताई गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, कुणीच उतरलं नाही. मी एकटी कशी येऊ?"

"काका," मास्तर म्हणाले, "माणसांबरोबर रस्त्यालाही सुट्टी दिलीत की."

दुसऱ्या रविवारी काकांनी ताईंना एवढंच सांगितलं, "आज नाही आलीस, तर संपलं." ताई एकेक पायरी करत उतरल्या. रस्त्याच्या कडेला वॉकर टेकून थांबल्या. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं.

पलीकडून धाकटी ओरडली, "ताई, ये की! काय आगगाडी यायचीय का?"

"थांब गं. सवय जात नाही."

"हात धरू का?" काकांनी विचारलं.

"नको. लोक बघतायत."

निघाल्या. बरोबर मधोमध पोचल्या आणि वॉकर पुढे सरकेना. "अहो, नाही जमत मला. माघारी चला." आता माघारी काय आणि पुढे काय, अंतर सारखंच. काकांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात मास्तर दुकानातून बाहेर आले. हातात मशीनपुढचं स्टूल. "बसा ताई. कुठं जायचं ते बसून ठरवा," असं करवादत त्यांनी स्टूल रस्त्याच्या मधोमध ठेवलं. ताई बसल्या. ते बघून धाकटी एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास घेऊन धावत आली.

"अगं बाई, केवढी जाड झालीस तू!" ताई म्हणाल्या. "लांबून नव्हतं दिसत."

"आणि तू? फोनवर सांगायचीस, बरी आहे, बरी आहे. हाडं मोजून घ्यावीत अशी झालीस!"

मग दोघींनी हात धरले. त्यानंतर मात्र जी जुंपली, ती चहा कुणी आधी घ्यायचा यावरून.

दोन म्हाताऱ्या भर रस्त्यात बसून भांडतायत म्हटल्यावर घरात कोण बसेल? कुणी खुर्ची आणली, कुणी चटई. पोरं फुटपाथवरून खाली उतरली. स्टूल गेल्यामुळे मास्तरांना मशीन चालवता येईना. तेही चटईवर बसून हातानं बटणं लावायला लागले. एक गिऱ्हाईक चक्क चालत आलं आणि पँट त्यांच्या मांडीवर ठेवून गेलं.

एवढ्यात माझ्यापाशी साहेबांची जीप. हॉर्नवर हॉर्न.

ताई मान न वळवता म्हणाल्या, "बाळ, तो बॅरिकेड दिसत नाही का? उतर आणि चालत ये."

साहेब उतरले. चालत आले. "आजी, भर रस्त्यात? घरी बसायला काय झालं?"

"घरीच बसले होते की दोन वर्षं."

साहेब मास्तरांकडे वळले, "तुमची तक्रार होती ना?"

"होती. मागे घेतो. फक्त पुढच्या रविवारी बसायला खुर्च्या तुमच्या ऑफिसनं आणायच्या. माझं स्टूल धंद्याचं आहे."

"आणू," साहेब म्हणाले.

ताईंनी वॉकर पुढे घेतला. काकांनी विचारलं, "चल, घरी जायचं ना?"

"जाऊ नंतर," ताई म्हणाल्या. "आधी हिचं घर बघते. पसारा केला असेल."

आणि रस्त्याचा उरलेला अर्धा भाग त्या चालत गेल्या.

मित्रांनो, आता मी दर रविवारी उभा असतो. माझी एकच विनंती आहे. मला फरफटत नेऊ नका, पाय झिजतात. मी एकट्यानं उचलला जात नाही, दोघं लागतात. शेजारी जो कुणी असेल, ओळखीचा असो नसो, त्याला म्हणा, "जरा एका बाजूनं धरता का?" आणि मला जागेवर ठेवलंत की तसेच घरी पळू नका. रस्त्यावर उतरा. मी नुसत्या गाड्या थांबवू शकतो. पुढचं तुमच्याकडे आहे.