ओठ लावून

सत्तेचाळीस साली देश सोडून जाताना इंग्रज साहेबानं दिलेली तांबड्या वाइनची बाटली नागोजीरावांच्या खाटेखाली चौदा वर्षं आडवी निजली होती. 'उन्हाळा लागू देऊ नकोस,' असं साहेबानं बजावलं होतं, म्हणून दर चैत्रात ते तिला ओल्या गोणपाटात गुंडाळत. इथं मद्रासला दारूबंदी. पण नातवाचं जावळ निघालं आणि आज ती उघडायचीच, असं त्यांनी ठरवलं.

त्यांच्या सुनेनं, पुण्याहून आलेल्या कुमुदिनीनं, खिडक्या लावल्या, झोपलेल्या बाळाचा श्वास बघितला, पुन्हा खिडक्या बघितल्या.

"पोलीस काय भिंतीला नाक लावून बसलेत गे?" सासूबाई, सईबाई, म्हणाल्या.

"वास जातो ना, आत्याबाई. यांची सरकारी नोकरी."

बूच मोडून आत पडलं. कुमुदिनीनं वाइन मलमलीतून गाळून चांदीच्या पेल्यात ओतली. नागोजीरावांनी मान मागे टाकली, पेला वीतभर उंच धरला आणि धार थेट घशात सोडली. या घरात भांड्याला ओठ लावला की ते उष्टं. कॉफीसुद्धा अशीच वरून.

"कशी आहे, अप्पा?" मुलानं, राजगोपालनं, विचारलं.

"ओली आहे." म्हातारा हसला, पण चेहरा उतरला होता. "घसा जळला. बाकी काही कळलं नाही की रे."

दुसरा पेलाही तसाच गेला. बनियनवर लाल ठिपके पडले. बाटलीत जेमतेम तळ उरला, तेव्हा मात्र कुमुदिनीला राहवेना.

"मामंजी, ती जिभेवर थांबवायला हवी. ओठ लावून, जरा जरा."

"म्हणजे इंग्लिशात प्यायची," सईबाई पुटपुटल्या.

"तूच दाखव पिऊन," नागोजीराव म्हणाले.

"बाळ अंगावर पितं, मामंजी."

"पिऊ नको. ओठ भिजव."

तिनं उरलेली वाइन पेल्यात ओतून ओठ भिजवले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. "जांभळासारखी. आधी तुरट. मग… जुनं सागवानी कपाट उघडल्यावर वास येतो ना, तसं काहीतरी."

"पुरे. आण तो पेला."

"उष्टा झालाय. दुसऱ्यात ओतते."

"आण म्हटलं ना."

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाळाचं पांघरूण सारखं करण्यात गुंतल्या. नागोजीरावांनी सुनेचा पेला दोन्ही हातांत घेतला, जन्मात पहिल्यांदा काठाला ओठ टेकवले आणि घोट तोंडात धरून बसले. बराच वेळ.

"होय की," ते हळूच म्हणाले. "जांभूळच."

"आणि कपाट?" सईबाईंनी पाठ न वळवताच विचारलं.

"थांब गे. येतंय."