पुन्हा होऊ नये म्हणून

तिने द्रव नायट्रोजनच्या पिंपाचं झाकण फिरवलं तशी पांढरी वाफ काठावरून ओघळली आणि तिच्या बुटांवरून सरपटत टेबलाखाली गेली. जाड निळ्या हातमोज्यांतल्या बोटांनी तिने लांब चिमटा आत सोडला आणि पत्र्याची सपाट डबी वर काढली. डबीत तळहाताएवढी पिशवी, पिशवीत गोठवलेल्या पेशी, पिशवीवर आकडा: सात.

"चाळीस सेकंद," मामा म्हणाले. प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामाच म्हणायचे, अगदी संचालकसुद्धा.

"बोलू नका हो, माझा हात हलतो."

"मी गप्प बसलो तरी हलतोय. नव्वदच्या आत ठेवा म्हणजे मिळवली."

बहात्तराव्या सेकंदाला डबी प्रवासाच्या डब्यात गेली, डबा खोक्यात गेला आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला. खोक्यावरचा कागद मात्र हाताने भरायचा असायचा. कुठून, कुठे, किती वाजता, 'उभे ठेवा'. तिने तो भराभर भरला. मामांनी कागदाचा फोटो काढला, ड्रायव्हरने सही केली, गाडी गेली. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत ती खिडकीत उभी राहिली. वळल्यावरही थोडा वेळ उभीच होती.

सात म्हणजे कोण, हे तिला माहीत नव्हतं. मुलगा की मुलगी, सहा वर्षांचं की सोळा, काही नाही. नियमच तसा होता. रुग्ण तिकडे, दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात, आणि इकडे फक्त आकडा. सातच्या रक्तपेशींच्या जनुकात जन्मापासून एका अक्षराची चूक होती. ते एक अक्षर नेमकं गाठून दुरुस्त करायचं, एवढ्यासाठी तिने बावीस वर्षं घातली होती. सातची तीन अब्ज अक्षरं तिला वाचता यायची. नाव तेवढं वाचायची परवानगी नव्हती.

पहिल्या खेपेला काढलेल्या सातच्या पेशी तिच्याच प्रयोगशाळेत तिसऱ्या दिवशी मेल्या होत्या. दुसऱ्यांदा कशाबशा काढता आल्या आणि दुरुस्त झाल्या. तिसऱ्यांदा जमणार नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी लेखी कळवलं होतं. म्हणजे आता जे काही होतं ते सगळं त्या गाडीत होतं.

दुपारी दोनला शंकाबाई आल्या. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. खरं नाव पगारपत्रकावर असेल. टाचणी उलटी टोचलेली दिसली तरी ज्यांना शंका येते त्यांना दुसरं काय म्हणणार? काचेच्या केबिनमध्ये त्या एकट्याच डबा खायच्या, समोर फाईल उघडी ठेवून, आणि त्या जेवत असताना तिथून कोणी जायचंसुद्धा नाही. न जाणो, चालण्यात काही चूक निघायची.

त्यांनी छापलेला फोटो टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

तिने पाहिलं. कुठून, कुठे, किती वाजता, उभे ठेवा. आणि त्याखाली, तिच्याच अक्षरात: पोचलास की फोन कर.

मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, वाचलं आणि परत कपाळावर चढवला.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. मंजूर मजकुराबाहेरचा एक शब्द जरी असला तरी खोकं तिकडे बाजूला ठेवतात. पाच वाजता गाडी पोचेल. त्याआधी आपलं कारण गेलं पाहिजे. पटलं तर ते ठेवून घेतील. नाही पटलं तर परत."

परत आलेली पिशवी कोणालाही देता येत नाही. हे तिघांनाही ठाऊक होतं.

शंकाबाईंनी चार रकान्यांचा फॉर्म पुढे सरकवला. काय घडलं. मूळ कारण. रुग्णाला धोका. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.

पहिला रकाना तिने लगेच भरला. तिसराही भरला: शाई फक्त बाहेरच्या कागदावर आहे, पिशवीचं लेबल आणि तापमान यांना धक्का नाही. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. छापील पर्याय होते: घाई, थकवा, यंत्राचा बिघाड, अपुरं प्रशिक्षण.

"थकवा लिहा," मामा हळूच म्हणाले. "त्यात खोटं काय? आरशात बघा एकदा."

"थकवा लिहिलं तर ते विचारतील, थकलेल्या बाईने आत काय करून ठेवलं असेल," शंकाबाई म्हणाल्या. "खरं आहे ते लिहा. आणि लवकर."

खरं म्हणजे काय लिहायचं? आईला हे जनुक-बिनुक काही कळायचं नाही. पेशींना वेळच्या वेळी अन्न द्यावं लागतं एवढं तिने पक्कं ध्यानात ठेवलं होतं. रोज संध्याकाळी हिने घरी पोचल्याचा फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "तुझ्या त्या पिल्लांना खायला घातलंस का?"

"घातलं."

"आणि स्वतः?"

"खाते गं."

मग दोघी हसायच्या आणि फोन ठेवायच्या. अख्खा कारभार दीड मिनिटाचा. परिषदेला जाताना, परदेशी जाताना, साधं कोपऱ्यावर जातानासुद्धा आईचं पालुपद एकच: पोचलीस की फोन कर. मागच्या वर्षी आई गेली. त्यानंतरही घराच्या दारात आली की हिचा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे जायचा. मग तोच हात किल्ली शोधायला लागायचा, जणू मुळात त्यासाठीच गेला होता.

तिने चारही पर्याय खोडले आणि लिहिलं: सवय. कोणी निघालं की आमच्या घरी असं म्हणत. म्हणणारी व्यक्ती आता नाही. खोकं निघताना हातून लिहिलं गेलं, आणि लिहिल्याचं मला कळलं नाही.

लिहिलेलं तिने परत वाचलं नाही. चौथा रकाना तसाच कोरा होता.

"याचं काय लिहू? पुन्हा होऊ नये म्हणून... मला नाही माहीत."

शंकाबाईंनी फॉर्म उचलला. वाचताना त्यांचा अंगठा ओळीखालून सरकत होता, नेहमीसारखाच. शेवटच्या ओळीवर तो थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सुधारणा सुचवणं माझं काम आहे."

पाच वाजले. सव्वापाच वाजले. मामा एकच परीक्षानळी चार वेळा पुसत होते. तिने पडद्यावरचा तोच आलेख मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. पाच चोवीसला निरोप आला: सात. कारण मान्य. खोकं स्वीकारलं.

"सुटलो बुवा!" मामा स्टुलावर मटकन बसले. "मॅडम, पुढच्या वेळी लिहायचंच असेल तर निदान 'सर्वांना नमस्कार' तरी लिहा."

ती हसली. मग तोंड धुऊन येते म्हणाली आणि दहा मिनिटं आली नाही.

निघताना तिच्या टेबलावर पाकीट होतं. फॉर्मची प्रत, फाईलला लावायची. तिने ते पर्समध्ये टाकलं. घराच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला होता, तिसऱ्यावरचा होता. दारापाशी हात सवयीने पर्समध्ये गेला आणि या खेपेला बोटांना ना फोन लागला ना किल्ली. पाकीट लागलं. तिने ते दिव्याखाली उघडलं.

चौथ्या रकान्यात शंकाबाईंचं टाचणीसारखं टोकदार अक्षर होतं. 'संबंधित कर्मचाऱ्याने रोज घरी पोचल्यावर गुणवत्ता विभागास फोन करून तसे कळवावे. मुदत: पुढील आदेशापर्यंत.' खाली सही, शिक्का, तारीख. आणि एक नंबर.

विभाग सहाला बंद व्हायचा. हा नंबर विभागाचा नव्हता.

तिने तो दोनदा वाचला. शेजारच्या घरात कोणीतरी कढईत काही परतत होतं, त्याचा आवाज जिन्यात येत होता. मग तिने आकडे एकेक करून दाबले, पिशवीवरचा आकडा पडताळून बघावा तसे.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"पोचले," ती म्हणाली.

"सात वाजून पाच." पलीकडे कागद फडफडला. "मला वाटलं होतं फोन साडेसहाला येईल."

"बस उशिरा आली."

"असं." तिकडे मागे टीव्ही नाही, भांडी नाहीत, कोणाचं बोलणं नाही. "घरात आहात की दारात?"

"दारात."

"मग पोचले कसं म्हणता? दारात म्हणजे पोचणं नव्हे. आत जा, दिवा लावा, मग मी लिहिते."

"फोन ठेवू?"

"ठेवा असं म्हणाले का मी?"

तिने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला आणि किल्ली शोधायला लागली.