सातव्या कुंपणातलं फूल

एल्ले माझ्या शाळेतली विद्यार्थिनी. ध्रुवाजवळच्या आमच्या मुलखात, डोंगरावरच्या माळावर तिने पारदर्शक प्लास्टिकची दहा कुंपणं उभारली होती, गुडघाभर उंच, वरून उघडी. आतली हवा बाहेरपेक्षा दीड-दोन अंशांनी गरम राहायची. आपल्या माळाचं उद्या काय होणार, ते आतली झाडं आजच सांगतील, असं ती म्हणे. तिचा नियम एकच. मोजायचं, हात लावायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ तिच्या स्नोमोबाईलखाली, बर्फावरच्या गाडीखाली, फुटला आणि एल्ले बुडून गेली. तेव्हापासून दर जुलैत तिच्याच वहीत मी आकडे लिहितो. तिची आई रिस्टेन सोबत असते.

सातव्या कुंपणात आठ पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचं एक रोप होतं. त्याच्या बुडाशी एल्लेच्या अक्षरातली क्रमांकाची पट्टी खोचलेली. उबेने शेजारचं बुटक्या बर्चचं झुडूप दरवर्षी वाढत गेलं आणि त्याच्या सावलीत फुलं घटत गेली. अकरा, सहा, दोन. मागच्या वर्षी एकही नाही.

यंदा रिस्टेन माझ्याआधी पोचली होती. सातव्यात लख्ख उजेड होता.

"मास्तर, एक आलंय. लिहा."

बर्च कुठे गेला, असं मी विचारलं.

"उपटला. सप्टेंबरात, कळप खाली आणताना. डोळ्यांदेखत गुदमरत होतं ते रोप. रेनडियरचं पिल्लू बर्फात रुतलं तर तुम्ही वही काढून बसता का?"

तिने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कपात चीजचे तुकडे टाकले, वर कॉफी ओतली, कप माझ्या हातात दिला. मग मी तिला सावकाश समजावलं, वर्गात समजावायचो तसं. सावली माणसाने हटवली, त्यामुळे हे कुंपण आता उबेबद्दल काही सांगू शकत नाही. एल्लेने सुरू केलेली सातव्याच्या आकड्यांची रांग इथे संपली.



"म्हणजे माझ्या पोरीला त्याचं मरण मोजायचं होतं?"

"हो, रिस्टेन. तेच मोजायचं होतं."

"मग खरं लिहा. आईने उपटला, म्हणून लिहा."

वहीत एल्लेच्या अक्षरांखाली मी तसंच लिहिलं. वाऱ्याने रोपाजवळची पट्टी कलली होती. ती सरळ करायला रिस्टेनने हात पुढे केला, मध्येच थांबली, आणि हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.