सही केलेले दोन शनिवार

शिरवळच्या अलीकडे, नीरेकाठच्या एका गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. तिथला पशुधन पर्यवेक्षक लालासाहेब मूळचा तासगावकडचा. १९७४ मध्ये त्यानं जनावरांच्या साथरोगांचा टपाली अभ्यासक्रम घेतला. पास झाला तर बढती होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती.

पुढच्या जानेवारीत पुण्याला त्याचा बारा दिवसांचा वर्ग लागला. हजेरी सक्तीची. दर शनिवारी साथीचा अहवाल साताऱ्याला जाई. वर्षभर त्यात एकच शब्द असे, निरंक. लालासाहेबानं ११ आणि १८ तारखेचे अहवाल ‘निरंक’ भरून, सही करून कोंडीबाकडे दिले. कोंडीबा दवाखान्यात रोजंदारीवर परिचर होता. त्या त्या शनिवारी टपालात टाक, एवढंच त्याला सांगितलं.

८ तारखेला वस्तीवरच्या हरिबा नावाच्या शेतकऱ्याचा बैल उभ्याउभ्या कोसळला. नाकातून काळं रक्त आलं, ते गोठेना. गावातल्या बौद्ध कुटुंबांनी मेलेली जनावरं ओढायचं काम केव्हाच सोडलं होतं. ज्याचा बैल त्यानंच ओढायचा, अशी आता रीत होती. हरिबानं बैल ओढ्याकाठी नेला आणि मोटेच्या नाड्यासाठी कातडं सोलून घेतलं. असं जनावर कापायचं नाही, खोल पुरायचं, हे अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या पाठात होतं.

शनिवारपर्यंत आणखी चार जनावरं गेली. कोंडीबानं अहवाल टाकला. लस आली नाही. हरिबाच्या मनगटावर फोड उठला, मधोमध काळा पडला, हात खांद्यापर्यंत सुजला. दुसरा शनिवार आला, दुसरा अहवालही गेला.

लालासाहेब त्याच दिवशी दुपारी परतला, तोवर अकरा जनावरं मेली होती. जनावरापासून माणसाला लागणारी काळपुळी आहे हे त्यानं ऐकताक्षणी ओळखलं. हरिबाला जीपमधून साताऱ्याला नेलं. तो सोमवारी वारला.

कागद थांबवला का नाहीस, असं लालासाहेबानं कोंडीबाला विचारलं.

“आवं, निरंक म्हंजी काय न्हाई, एवढं कळतंय मला,” कोंडीबा म्हणाला. “बैल मेल्यालं बी दिसत हुतं. पर सही तुमची. तिच्यावर माझं अक्षर चालतंय व्हय?”

लस आल्यावर ती टोचायला लालासाहेब वस्तीवर गेला, तेव्हा हरिबाची बायको मुक्ताबाई दारात बसली होती. तिनं गाय धरली नाही, अडवलंही नाही.

“रोग कसा हुडकायचा त्ये शिकाया गेलावता न्हवं?” ती म्हणाली. “घावला का?”

साताऱ्याहून खुलासा मागवला गेला, मुदत तीन दिवस. लालासाहेबानं लिहिलं: ‘मी प्रशिक्षणास गेलो असता परिचराने मला जनावरांची मरतूक कळवली नाही.’ वाक्य खरं होतं. पुण्याचा पत्ता कोंडीबाला दिलेला नव्हता, हे त्यानं लिहिलं नाही. सह्या आधीच केल्या होत्या, हेही नाही. कोंडीबाला विचारलं गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की कागद मी टाकले. मार्चमध्ये त्याला कामावरून कमी केलं.

एप्रिलमध्ये अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रश्नसंच आला. पाहिलेल्या एका साथीचं वर्णन करा. पहिली मरतूक, खबर, विलंब, विलंबाचं कारण. लालासाहेबानं गावाचं नाव गाळलं. तारखा सगळ्या घातल्या. ओढ्याचा नकाशा काढला, मेलेलं प्रत्येक जनावर ठिपक्यानं दाखवलं, हरिबासाठी फुली केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘संबंधित पर्यवेक्षकाने निरंक अहवालांवर आगाऊ सह्या करून ठेवल्या होत्या.’

उत्तरपत्रिका तपासून परत आली. दहापैकी आठ गुण. खाली लाल शाईत शेरा होता: ‘विलंबाचे कारण नेमके शोधले आहे. ही प्रथा बंद करण्यासाठी काय केले, ते लिहिलेले नाही.’

लालासाहेबानं आधीच्या प्रश्नसंचांचे गुण काढून त्यात हे आठ मिळवले. पास होण्याइतके झाले होते.